शेजाऱ्याचा पवित्र डोंगर व आपले कर्तव्य

ज्या डोंगरावर देवाची विशेष वस्ती आहे असे आपण मानीत नाही, त्याच डोंगराविषयी आपला शेजारी हात जोडून ‘येथे बांधू नका’ असे म्हणू लागला, तर ख्रिस्ती मनुष्याने काय करावे? त्याच्या भ्रांतीस हसावे, की त्याच्या शेजारी जाऊन उभे राहावे, की हे आपले काम नव्हे असे म्हणून आपल्या वाटेने निघून जावे? आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस हा प्रश्न दूरचा वाटेल. परंतु तो तसा नाही. ज्या गावी एकीकडे देवराई, एकीकडे म्हसोबाचा शेंदरी दगड, एकीकडे पिराची कबर व एकीकडे आपले लहानसे प्रार्थनामंदिर आहे, त्या गावी हा प्रश्न आज ना उद्या दारी येणारच. म्हणून परदेशातील एका खऱ्या उदाहरणावरून त्याचा शांतपणे विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी हवाई नावाची बेटे आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटावर मौना केआ नावाचा निद्रिस्त ज्वालामुखी पर्वत आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ४,२०५ मीटर, म्हणजे १३,७९६ फूट आहे. समुद्राच्या तळापासून मोजल्यास ती ३३,००० फुटांच्या जवळपास भरते. हिवाळ्यात त्याच्या माथ्यावर बर्फ पडते. त्या बेटांचे मूळ रहिवासी ह्या पर्वतास आपल्या वंशावळीतला मानितात. आकाशपिता वाकेआ ह्याच्याशी आपले नाते ह्या पर्वताच्या द्वारे जडले आहे असे त्यांचे म्हणणे. बर्फाची देवी पोलिआहू तेथे वसते असे त्यांच्या कथांत सांगितले आहे. माथ्याजवळ वाइआऊ नावाचे लहान सरोवर आहे. तेथे नवजात बालकांची नाळ नेऊन ठेवण्याची चाल कित्येक घराण्यांत चालत आली. पर्वताच्या वरच्या भागात पूर्वजांच्या कबरीही आहेत. आमच्याकडे, जेथे नाळ पुरली ते आपले गाव, असे लोक बोलतात. तेव्हा ह्या चालीचा अर्थ आमच्या वाचकांस फोड करून सांगावयास नको.

ह्याच माथ्यावर हवा अतिशय निर्मळ, कोरडी व स्थिर असते. ढग खाली राहतात, आणि रात्री तारे जसे तेथून दिसतात तसे पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणांहून दिसतात. ह्यास्तव १९६८ साली हवाईच्या सरकारने माथ्याची जमीन तेथील विद्यापीठास वर्षास एक डॉलर खंडाने ६५ वर्षांच्या पट्ट्यावर दिली, व पुढे एकामागून एक अशा तेरा दुर्बिणी तेथे उभ्या राहिल्या. २००९ साली तेथेच आणखी एक प्रचंड दुर्बीण बांधण्याचे ठरले. तिचा आरसा तीस मीटर रुंद, ४९२ तुकडे सांधून केलेला, आणि तिची इमारत अठरा मजल्यांइतकी उंच. अमेरिकेतील विद्यापीठांबरोबर कॅनडा, जपान, चीन व भारत हे देश ह्या कार्यात भागीदार झाले. आमच्या पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्थाही भारताच्या बाजूने त्यात सामील आहे. म्हणजे ह्या कार्यात आमच्याही देशाचा पैसा व आमच्याही मुलांची बुद्धी गुंतली आहे. ह्याकरिता ‘परक्यांचे भांडण’ असे म्हणून हात झटकण्यास आम्ही मोकळे नाही.

७ ऑक्टोबर २०१४ रोजी पायाभरणीचा समारंभ चालू असता हवाई लोकांनी तो रोखिला. २ एप्रिल २०१५ रोजी ३१ जणांस अटक झाली. त्याच वर्षी डिसेंबरात हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाचा परवाना रद्द केला. कारण विरोध करणाऱ्यांचे म्हणणे विधिपूर्वक ऐकून घेण्यापूर्वीच तो देण्यात आला होता. मग दीर्घ सुनावणी होऊन २०१७ साली नवा परवाना मिळाला, व ३० ऑक्टोबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो कायम केला. जुलै २०१९ मध्ये काम सुरू होणार हे कळताच लोक पर्वताच्या वाटेवर येऊन बसले, आणि थोड्याच दिवसांत त्यांची संख्या हजारांवर गेली. १७ जुलै रोजी तीसाहून अधिक जणांस पोलिसांनी तेथून धरून नेले. त्यांत बहुतेक वृद्ध स्त्रीपुरुष होते. हिंसा करू नये, अपशब्द बोलू नये, मद्य घेऊ नये असा त्या जमावाचा नियम होता. ‘आम्ही विरोधक नव्हे, आम्ही रक्षक आहो,’ असे ते म्हणत. २०२२ साली कायदा होऊन पर्वताच्या देखरेखीसाठी एक नवे मंडळ नेमण्याचे ठरले, व त्यात मूळ रहिवाशांस जागा देण्यात आल्या. २०२४ साली जुन्या दुर्बिणींपैकी दोन काढून टाकण्यात आल्या. २०२५ साली स्पेन देशाने ही मोठी दुर्बीण आपल्या ला पाल्मा बेटावर उभारावी म्हणून ४० कोटी युरो देऊ केले. तोपर्यंत मौना केआवर तिची इमारत उभी राहिली नव्हती.

आता ह्या गोष्टीशी आमच्या मंडळीचा आणखी एक संबंध आहे, तो सांगितला पाहिजे. ज्या अमेरिकन संस्थेचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे सेवक १८१३ साली मुंबईस उतरले, त्याच संस्थेने १८१९ साली बॉस्टनहून दुसरी एक तुकडी हवाईस रवाना केली. ती १८२० साली तेथे पोहोचली. १८२६ साली मराठी नवा करार मुंबईत छापून निघाला. १८३९ साली संपूर्ण बायबल हवाई भाषेत तयार झाले. तेव्हा मराठी मंडळी व हवाई मंडळी ह्या एकाच आईच्या लेकी होत, आणि बहिणीच्या घरात काय घडले हे बहिणीने जाणावे हे योग्यच आहे.

त्या घरात दोन गोष्टी घडल्या. पहिली १८२४ सालची. कापिओलानी नावाची एक थोर सरदारीण प्रभूवर विश्वास ठेवू लागली होती. तिचे लोक पेले नावाच्या अग्निदेवीच्या भयाने थरथरत असत. ही बाई पायी चालत किलाउएआ ज्वालामुखीपाशी गेली, त्याच्या मुखात उतरली, देवीस अर्पण केल्यावाचून खाऊ नयेत अशी फळे तिने तेथेच खाल्ली, आणि आपला देव यहोवा आहे अशी साक्ष सर्वांपुढे दिली. दुसरी गोष्ट १८९३ सालची. पहिले सेवक लोकांस वाचावयास शिकविण्यासाठी गेले. परंतु त्यांच्या मुलानातवंडांपैकी कित्येकांनी त्या देशात धन व सत्ता मिळविली. त्या वर्षी राणी लिलिउओकलानी हिला तिच्या सिंहासनावरून काढण्यात आले. काढणाऱ्यांच्या पुढाऱ्यांत लॉरिन थर्स्टन हा मिशनरींचा नातू होता, व नव्या सरकारचा मुख्य झालेला सॅनफर्ड डोल हा मिशनऱ्याचा मुलगा होता. अमेरिकेचे आरमारी शिपाई किनाऱ्यावर उतरल्याने त्यांस बळ आले. १८९८ साली बेटे अमेरिकेस जोडली गेली, आणि राज्याच्या व राजघराण्याच्या मिळून सुमारे १८ लाख एकर जमिनी मूळ लोकांच्या संमतीवाचून व मोबदल्यावाचून गेल्या. मौना केआचा माथा ह्याच जमिनींपैकी आहे. राणी स्वतः ख्रिस्ती होती. १८९५ साली राजवाड्यातच कैदेत असता तिने एक गीत रचिले व आपणांस कैद करणाऱ्यांस क्षमा व्हावी अशी प्रार्थना त्यात केली. पुढे त्या मिशनच्या परंपरेतील युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट ह्या मंडळीने १९९१ साली ठराव करून १९९३ साली हवाई लोकांची उघडपणे क्षमा मागितली, व त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेच्या काँग्रेसनेही मागितली.

ह्या दोन गोष्टी शेजारी ठेविल्या म्हणजे आमच्या विषयाचे मर्म हाती येते. कापिओलानीने मूर्तिभय मोडिले ते आपल्याच लोकांमध्ये, आपलाच जीव धोक्यात घालून. तिने कोणाचे काही घेतले नाही. १८९३ सालच्या पुरुषांनी जे केले ते दुसऱ्यांच्या देशात, दुसऱ्यांच्या नुकसानीने. पहिली ती साक्ष; दुसरी ती सत्ता. गिदोनाने वेदी मोडिली ती आपल्या बापाच्या घरची, शेजारच्या राष्ट्राची नव्हे. पौल अथेनैत गेला, तेव्हा मूर्तींनी भरलेले नगर पाहून त्याचा जीव तळमळला. परंतु त्याने वेदीचा एक दगडही हलविला नाही, उलट तिच्यावरील लेखापासूनच आपल्या उपदेशास आरंभ केला. आणि इफिसात दंगल झाली तेव्हा तेथील नगरलेखकाने पौलाच्या सोबत्यांविषयी स्वतः ग्वाही दिली की हे देवळे लुटणारे नव्हेत. ख्रिस्ती मनुष्याविषयी त्याच्या अन्यधर्मी शेजाऱ्याने अशी ग्वाही द्यावी, ही लहान गोष्ट नव्हे.

येथे कोणी म्हणेल, ‘प्रभूने शोमरोनी स्त्रीस स्पष्ट सांगितले की खरी उपासना ह्या डोंगराशीही बांधलेली नाही व यरुशलेमेशीही नाही. मग डोंगरास पवित्र म्हणणाऱ्यांची बाजू आपण का घ्यावी?’ आम्ही त्या उपदेशापासून तिळमात्र ढळू इच्छीत नाही. पर्वत पूज्य नव्हे. पर्वतांचा कर्ता पूज्य आहे. परंतु ज्या गरिज्जीम डोंगराविषयी ते भाषण झाले त्याचा इतिहास वाचकांनी ध्यानात घ्यावा. प्रभूच्या जन्मापूर्वी शंभराहून अधिक वर्षे, यहूद्यांचा अधिपती योहान हर्कानस ह्याने सैन्य नेऊन त्या डोंगरावरील शोमरोन्यांचे मंदिर पाडिले. त्याने शोमरोनी लोक खऱ्या उपासनेकडे वळले काय? मुळीच नाही. वैर मात्र असे वाढले की एकमेकांचे पाणीही चालेनासे झाले. मग एके दिवशी दुपारी एक थकलेला प्रवासी त्याच डोंगराच्या पायथ्याशी विहिरीवर बसला, व त्याने त्या बाईजवळ प्यावयास पाणी मागितले. जे हर्कानसाच्या सैन्यास साधले नाही ते ह्या मागण्याने साधले. डोंगर पवित्र नाही हे सत्य प्रभूने सांगितले खरे. परंतु ज्याने प्रथम तिचा मान राखिला त्याच्या तोंडून ते निघाले, म्हणून तिने ते ऐकिले.

दुसरे असे की, जागा पवित्र असो वा नसो, ती कोणाची व कशी मिळाली हा प्रश्न उरतोच. देवाने अब्राहामास सर्व कनान देशाचे वचन दिले होते. तथापि सारा मरण पावली तेव्हा त्याने ‘हा देश माझाच आहे’ असे म्हटले नाही. तो हेथी लोकांपुढे नमला, आणि नगराच्या वेशीत सर्वांदेखत चारशे शेकेल रुपे तोलून देऊन त्याने मक्पेलाची गुहा घेतली. दावीद राजाने वेदीसाठी अरवना यबूसी ह्याचे खळे घेतले. अरवना फुकट देत होता; पण जे आपणांस फुकट पडले ते देवास अर्पावयाचे नाही असे म्हणून राजाने पन्नास शेकेल रुपे मोजिले. ज्यांस देवाचे वचन होते त्यांनीही मूळ धन्यास विचारल्यावाचून व मोल दिल्यावाचून भूमी घेतली नाही. मग ज्यांच्यापाशी केवळ चांगला हेतू आहे त्यांनी ती न विचारता घ्यावी काय?

हेतू चांगला आहे हे आम्ही मनःपूर्वक मान्य करितो. आकाश देवाचे वैभव प्रगट करिते असे मानणाऱ्यांनी दुर्बिणीस शत्रू समजावे हे शोभत नाही. हवाई लोकही ताऱ्यांच्या ज्ञानाचे वैरी नव्हेत. त्यांच्या पूर्वजांनी ताऱ्यांच्या आधारे नावा हाकीत तो अफाट समुद्र ओलांडिला. आणि १८७४ साली शुक्राचे सूर्यावरून अधिक्रमण पाहावयास आलेल्या इंग्रज ज्योतिष्यांचे त्यांच्या कालाकौआ राजाने स्वागत केले. आजही त्यांच्यापैकी काही जण, आमच्या मुलांस विद्या व काम मिळेल म्हणून दुर्बीण हवी, असे म्हणतात. त्यांचा आवाज आम्ही दाबू नये. ज्योतिषी म्हणजे कोणी अहाब राजा नव्हेत, व न्यायालयाने नाबोथाप्रमाणे खोटे साक्षीदारही उभे केले नाहीत. परंतु कार्य चांगले आहे एवढ्याने शेजाऱ्याच्या अंगणात ते करण्याचा हक्क मिळत नाही. करिंथकरांस लिहिताना पौलाने आपला हक्क असूनही दुर्बळ भावासाठी मांस सोडण्याची तयारी दाखविली. न्यायालयाने दिलेला हक्क प्रीतीने सोडता येतो. आणि तो सोडणे ही हार नव्हे.

तिसरी शंका व्यवहारी लोकांची आहे: ‘प्रत्येक जण आपापल्या दगडास पवित्र म्हणू लागला तर रस्ता, विहीर, दवाखाना कोठे बांधावा?’ ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. म्हणून प्रत्येक प्रसंगी चार प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवितो. ती भूमी मूळ लोकांपासून न्यायाने मिळाली होती काय? त्यांची संमती आधी विचारली, की सर्व ठरवून मग कळविले? जे बांधावयाचे त्यावर मनुष्यांचे प्राण अवलंबून आहेत काय, व त्यास दुसरी जागा नाही काय? लाभ एकास व हानी दुसऱ्यास, असे होत आहे काय? तापाने फणफणलेल्या लेकरांसाठी गावात दवाखान्याची दुसरी जागाच नसेल, तर वेगळे उत्तर निघू शकेल. मौना केआच्या संबंधाने मात्र, भूमी कशी गेली हे आपण पाहिले; पहिला परवाना ऐकण्याआधी दिला गेला हे न्यायालयानेच म्हटले; तेरा दुर्बिणी आधीच होत्या; आणि पर्यायी जागा म्हणून ला पाल्माची निवड स्वतः बांधणाऱ्यांनीच २०१६ साली करून ठेविली होती. ह्यास्तव त्या वाटेवर बसलेल्या वृद्धांची विनंती न्याय्य होती असे आमचे मत आहे.

आधी विचारणे अशक्य नाही, हे आपल्याच देशात दिसून आले. ओडिशातील नियमगिरी डोंगर डोंगरिया कोंध लोक पवित्र मानितात. तेथे बॉक्साइटची खाण काढावयाची होती. १८ एप्रिल २०१३ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की ह्या लोकांच्या धार्मिक हक्कांचा विचार त्यांच्या ग्रामसभांनी करावा. त्या वर्षी बारा ग्रामसभा भरल्या, आणि बाराही सभांनी ‘नको’ म्हटले. गरीब मनुष्यास विचारले म्हणजे तो उत्तर देतो.

शेवटची शंका आमच्या पुष्कळ बांधवांच्या अंतःकरणातून निघते, व ती सर्वांत जड आहे. ते म्हणतील, ‘पाळकसाहेब, पवित्र हा शब्द आमच्या वाडवडिलांनी फार ऐकिला. पवित्र म्हणून देवळाची पायरी बंद, पवित्र म्हणून पाणवठा बंद. त्या शब्दाचा मान आम्ही का राखावा?’ ह्या प्रश्नापुढे आम्ही आदराने थांबतो. परंतु एक भेद ध्यानात घ्यावा. एक पावित्र्य मनुष्यास बाहेर घालविते. ते शेजाऱ्याचा अपमान करून आपला मोठेपणा राखिते. त्याचा मान राखणे आम्हांवर मुळीच बंधनकारक नाही. ते मोडणेच धर्म आहे. दुसरे पावित्र्य एवढेच मागते की ही जागा ओरबाडू नका. त्या वाटेवर कोणाची जात विचारली गेली नाही. देशोदेशींचे लोक तेथे येऊन बसले. ज्यांस दुबळे म्हणून हाकलण्यात आले त्यांनी दुबळ्यांचे म्हणणे इतरांहून लवकर ओळखावे. आपल्या गावची कबरस्थानाची जागा कोणी रस्त्यासाठी मागितली, तर आपण केवळ सातबाराचा उतारा दाखवू काय? आपली माणसे तेथे पुनरुत्थानाच्या आशेने निजली आहेत, असेही आपण सांगू. आणि ऐकणाऱ्याने आपली आशा मानीत नसतानाही आपले दुःख मानावे अशी इच्छा करू. जे आपण इच्छितो ते आपणच आधी करावे, हा प्रभूचा नियम आहे.

आता उपदेशक बंधूंस एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. देवराई तोडावयाची असते, तेव्हा ठेकेदारास कुऱ्हाड लावणारा मिळत नाही. मग तो ख्रिस्ती वस्तीत येतो व म्हणतो, ‘तुम्हांस त्या देवाचे भय नाही, तुम्हीच पहिला घाव घाला.’ अशा वेळी आपल्या लोकांस सांगावे की आम्हांस त्या देवाचे भय नाही हे खरे. परंतु आम्हांस जिवंत देवाचे भय आहे, आणि शेजाऱ्याच्या संमतीवाचून त्याच्या राईवर घाव घालणे त्यास आवडत नाही. तेथे नारळ फोडावयास जाऊ नये. तेथील प्रसाद घेऊ नये. कोपाच्या भयाने वाट बदलू नये. परंतु दुसऱ्याच्या लोभाची कुऱ्हाडही होऊ नये. आणि ग्रामसभा भरेल तेव्हा न्यायाच्या बाजूने हात वर करावयास लाजू नये.

असे केल्याने आपली साक्ष मंदावेल अशी भीती कित्येकांस वाटते. आम्हांस तर वाटते, तेव्हाच ती ऐकू जाईल. ज्याची राई आपण वाचविली तो शेजारी एखाद्या संध्याकाळी आपल्या ओट्यावर येऊन विचारील, ‘तुम्ही तर आमचा देव मानीत नाही, मग आमच्यासाठी का बोललात?’ त्या प्रश्नाचे उत्तर सुवार्ता आहे. प्रभू आपल्या मंडळ्यांस ते उत्तर नम्रतेने देण्यास तयार ठेवो.